चौकटीबाहेर गेलेला हात

२२ जुलै, मंगळवार

कुकरचा प्रश्न सुटला. शेजारच्या वहिनींचा कुकर सातला तीन शिट्ट्या देतो आणि रोशनीचं काम सातलाच सुरू होतं. वहिनींना सांगितलं, ताईला सकाळी इंग्लिश कॉल असतात, शिट्टी ऐकू जाते. त्या म्हणाल्या, "मग मी डाळ काय फुंकून शिजवू?" शेवटी साडेसहाला लावायचं ठरलं. वर वाटीभर आमटी दिली. वहिनी चांगल्या आहेत. चांगल्या माणसांचंच टेन्शन जास्त - ती विचारपूस करतात.

जुनी वही भिजली म्हणून ही नवीन. तर आधी लिहून ठेवते. रोशनी हे तिचं खरं नाव नाही. कॅमेऱ्यावरचंही नाही. या वहीपुरतं. बाकीची नावंही तशीच. ती कोळी, गाव खाडीपलीकडे, गावाचं नाव लिहिणार नाही. इथे दहिसरला भाड्याने राहते. कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवते, परदेशातले लोक बघतात आणि टिप टाकतात. टिप पडली की टिंग वाजतं. तिकडे रात्र असते तेव्हा इथे सकाळ, म्हणून सात ते दहा. चेहरा दाखवत नाही, चौकट ओठांच्या खाली कापलेली. भारतातून कोणी उघडली तर साइट दिसणार नाही, अशी सेटिंग. घरी सांगितलंय - अंधेरीला एमआयडीसीत, कॉम्प्युटरवर, सकाळची पाळी.

माझं काम मागचं बघण्याचं. म्हणजे रेकॉर्डिंग बघायची आणि तिच्या मागे असं काय दिसतं की ज्यावरून खोली कुठली ते कळेल, ते शोधायचं. मला हे येतं कारण मी अकरा खोल्यांत राहिलेय, मानखुर्दपासून दहिसरपर्यंत, आणि वर्षभर एका एजंटकडे खोल्या दाखवायचं काम केलंय. ही खोलीही मीच दाखवली तिला. बाकीच्या मुली पाणी किती वाजता येतं विचारतात. ही म्हणाली, "समोरच्या खिडकीतून काय काय दिसतं?" मग समोरच्या जिन्यावर जाऊन स्वतः बघून आली. मला तेव्हाच कळलं. दोन महिन्यांनी तिनेच फोन केला - "तू ती लादीवरून बिल्डिंग ओळखणारी ना?"

बारावी दोनदा दिली. कुठेच कामाला आली नाही. लादी कामाला आली.

२३ जुलै, बुधवार

रोशनीच्या मागे आपल्याकडचा तीन भोकांचा प्लग दिसत होता. वर चित्र लावलं. चित्र स्वित्झर्लंडचं.

२४ जुलै, गुरुवार

आज वाट लागली.

एक गिऱ्हाईक आहे, नाव "होडी७१". दोन महिने रोज येतो, रोज पहिली टिप त्याचीच. कधी काही बोलला नाही. रोशनी त्याला होडीकाका म्हणायची, मजेत. आज त्याने लिहिलं - इंग्लिश अक्षरांत, पण मराठी - "बोटी कधी सुटणार यंदा?"

तिने न वाचल्यासारखं केलं. मग दुसरं. "नारळी पुनवेला सुट्टी घेणार ना? आई वाट बघत असेल."

तिने नेट गेल्याचं नाटक केलं आणि कॅमेरा बंद. मी पोचले तेव्हा लॅपटॉपवर ओढणी टाकून बसली होती. लॅपटॉप बंद होता तरी.

"तू काही बोललीस का मराठीत?"

"मी इंग्लिशमध्ये चार वाक्यं बोलते. तीच रोज."

"आईचा फोन?"

"माइकला चिकटपट्टी तूच लावायला लावलीस ना. फोन आला की लावते."

"मासे खाताना वगैरे -"

"प्रांजल, मी तिथे मासे खात नाही गं."

त्याला ब्लॉक केलं. अर्ध्या तासात "होडी७२" आला. सध्या आम्ही ७४ वर आहोत.

२५ जुलै, शुक्रवार

चौदा रेकॉर्डिंग बघायला घेतली. आवाज बंद करून एकदा, चित्र झाकून एकदा. भंगारवाल्याची आरोळी एकदा, पण ती अख्ख्या मुंबईत असते. एका ठिकाणी स्टीलच्या पातेल्यात खिडकीचं ग्रिल उमटलंय. ग्रिल दहिसर, बोरिवली, नालासोपारा कुठलंही असेल. त्यावरून दहिसर कळेल एक वेळ. कोळी कसं कळेल?

ग्रिलवरून आठवलं, मानखुर्दला आमच्या चाळीसमोर एका माणसाने ग्रिलमध्ये हत्ती बनवून घेतला होता. सोंड तुटली तेव्हा डुक्कर दिसायचं. पत्ता सांगताना लोक डुकराच्या घरासमोर म्हणायचे. त्याने शेवटी घर विकलं.

तर चौदात काही नाही. रोशनी अंगठी घालत नाही, गोंदलेलं नाही, तीळ मेकअपने झाकते. मी तिला म्हटलं, पोलिसांत जायचं का. ती म्हणाली, विनिताला विचार. विनिता म्हणजे याच कामातली तिची मैत्रीण, मुलुंडला असते. तिचे व्हिडिओ कोणीतरी चोरून दुसरीकडे टाकले तेव्हा ती तक्रार द्यायला गेली होती. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला - घरी माहीत आहे का? दुसरा - तुमच्या मोबाइलवर आहे का तो व्हिडिओ, दाखवा. तिसऱ्याची वाट न बघता ती परत आली.

२७ जुलै, रविवार

होडीवाला: "पुनवेला मुंबईत असेन. कोळीवाडे फिरेन. तुला बघताक्षणी ओळखेन. घाबरू नकोस, फक्त बघायचं आहे."

घाबरू नकोस असं लिहिणारा माणूस.

रोशनी शांतपणे कांदा कापत होती. म्हणाली, "तो मला बघेल त्याचं मला काही नाही. मला रोजच बघतो. पण त्याला एकदा नाव कळलं की तो आईच्या पाटासमोर उभा राहील. मासे घेईल. हसेल. दुसऱ्या दिवशी परत येईल. बाजारातल्या बायकांना दोन दिवसांत कळतं. मग आई तिथे बसू शकेल का? चाळीस वर्षं एकाच जागेवर बसतेय ती."

मी म्हटलं, मग पुनवेला जाऊ नकोस.

"नाही गेले तर आई इथे येईल. बर्फाच्या पेटीत जेवण घेऊन."

आणि दुसरी अडचण. त्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यावर आली नाही, की होडीवाल्याला पक्कं कळणार - सुट्टी घेतली, म्हणजे कोळीच. म्हणून ठरलं: सकाळी सात ते दहा काम करायचं, दुपारी गावाला. पण त्याने ओळखलं कशावरून हे कळल्याशिवाय गावात पाय ठेवायचा नाही. तोवर शोधायचं. म्हणजे मी शोधायचं.

२८ जुलै, सोमवार

परत चौदा. काही नाही. डोळे लाल.

३० जुलै, बुधवार

सापडलं.

आज खरं तर मी बोरिवलीला स्क्रीन गार्ड आणायला निघाले होते. नाक्यावर एक मांजर दिसलं, तोंडात अख्खा सुका बोंबील, शेपटी वर. ते कुठे जातं बघावं म्हणून मागे गेले. ते बाजारात गेलं, म्हणजे जिथून चोरला तिथेच परत. मला आवडलं. मी सुक्या मासळीच्या रांगेत उभी राहिले. कोळणी नुकत्या बसत होत्या. पलीकडे ताज्या मासळीत एक म्हातारी निवट्या, म्हणजे खाडीतले छोटे मासे, साफ करत होती, हात कोपरापर्यंत ओले. पहिलं गिऱ्हाईक आलं, तिने नोट घेतली. हात ओले म्हणून बोटांच्या टोकांनी नाही, तर पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरून, कात्रीसारखी. कोयत्याच्या पात्याला टेकवली. मग कपाळाला. मग डाव्या कमरेला खोचली. सगळं एका झटक्यात, बोलणं चालू असताना, बघतही नव्हती.

भवानी. दिवसाची पहिली कमाई. आमच्या मानखुर्दच्या भाजीवाल्याही कपाळाला लावतात. पण अशी बेचक्यात धरून, आधी कोयत्याला आणि शेवटी कमरेला - हे मी तिथे पाहिलं नव्हतं.

पण कुठेतरी पाहिलं होतं. चौदा वेळा पाहिलं होतं!

धावत रोशनीच्या खोलीवर आले. रेकॉर्डिंग लावलं. सात वाजून दोन मिनिटं, पहिली टिंग. रोशनीची दोन बोटं पुढे येतात, स्क्रीनच्या कडेला टेकतात. हात वर, चौकटीबाहेर जातो. मी समजत होते केस मागे सारते. मग खाली येतो आणि डाव्या कमरेवर थांबतो. कमरेला काहीही नसताना. दुसऱ्या टिंगला करत नाही. दिवसातून फक्त एकदा.

बाकीची हजार माणसं ते बघून लाडात येतात. एकाला कळलं.

रोशनीला दाखवलं. ती पहिल्यांदा म्हणाली, "मी असं करते?" दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "आईसारखंच करते की." नंतर बराच वेळ आपला हात बघत बसली, जसा दुसऱ्या कोणाचा आहे.

मांजराचं काय झालं ते बघायचं राहिलं. स्क्रीन गार्डही राहिला.

३१ जुलै, गुरुवार

सवय मोडायचं काम सुरू. मी दहाची नोट देते, ती घ्यायची आणि नुसती खाली ठेवायची. पन्नास वेळा दिली. पहिल्यांदाच काय ते कपाळाला गेली, नंतर नाही - कारण भवानी एकदाच असते ना. मग लक्षात आलं की पन्नास वेळा देऊन उपयोग नाही, दर वेळी नवा दिवस सुरू व्हायला हवा. म्हणून आता ती बाहेर जिन्यात जाते, आत येते, "सकाळ झाली" म्हणते, मी नोट देते.

वहिनी दारातून बघत होत्या. "नाटक बसवताय का?"

"हो."

"गणपतीत?"

"हो."

"मला सांगा हं, मी येईन."

२ ऑगस्ट, शनिवार

आज तीस खोट्या सकाळी झाल्या. सव्वीस वेळा कपाळाला. म्हणते, हात माझा नाहीच, आपोआप जातो.

३ ऑगस्ट, रविवार

नवीन युक्ती. नुसतं करू नकोस म्हटलं की हाताला दुसरं काम नसतं, म्हणून तो जातो. आता टिंग वाजलं की लगेच बाटली उचलून पाणी प्यायचं. घोट घेईपर्यंत मोह जातो. विडी सोडताना माझा मामा बडीशेप खायचा, तसं. मामा आता दोन्ही घेतो, पण ते वेगळं.

चाळीस सकाळी. फक्त नऊ वेळा चुकली.

संध्याकाळी तिला विचारलं, वाईट वाटतं का. म्हणाली, "लहान असताना आई पहिली नोट माझ्या कपाळाला लावायची. स्वतःच्या आधी. शाळेत जायच्या घाईत मी ओरडायचे, मासळीचा वास येतो म्हणून." मग म्हणाली, "चल, सकाळ झाली." आणि जिन्यात गेली.

५ ऑगस्ट, मंगळवार

शून्य. नोट, ठेवली, पाणी. नोट, ठेवली, पाणी. मशीन झालंय. दिवसभर लघवीला जाते बिचारी.

आईचा फोन आला. तिची आई सरूबाई, मी मावशी म्हणते, फोनवरच ओळख. स्पीकरवर होती. "सारी आनलंय गो, समद्या बायांची एकसारखी. तुजी दुकानातच ऱ्हायली असती, मीच घेतली. त्या तुज्या मैतरनीला पन घेऊन ये. खाते का ती, का शिरावन पाळते?"

मी खाते म्हणून सांगितलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार - नारळी पौर्णिमा

सकाळी सात. पहिली टिंग, होडीवालाच. मुंबईतूनच असेल, भारतातली बंदी अ‍ॅप लावून चुकवता येते. रोशनीने बाटली उचलली, पाणी प्यायली. तो काही बोलला नाही. अर्धा तास होता, मग गेला.

दुपारी गावाला. रिक्षा, मग जेटी, मग बोट. बोटीत एका माणसाच्या पिशवीत जिवंत कोंबडा होता, त्याने माझा बूट टोचला. एरवी मी त्याच्यावर पानभर लिहिलं असतं.

मी ठरवलं होतं की मिरवणुकीत प्रत्येक पुरुषाकडे लक्ष ठेवायचं - कोण बायकांचे हात बघतंय, कोण शूटिंग करतंय. पाच मिनिटांत सोडून दिलं. सगळेच शूटिंग करत होते. आजोबा, पोरं, बॅन्डवाला सुद्धा एका हाताने.

पण मग बायका आल्या. दीडशे-दोनशे असतील. सगळ्यांची एकच मोरपिशी साडी, एकसारखी वेणी, गळ्यात तेवढंच सोनं, चालणं तेच. मी रोशनीला हाताला धरून आणलं होतं आणि दोन मिनिटांत मलाच ती सापडेना. तीनदा भलत्याच बाईला हाक मारली. रोज तिचे खांदे, गळा, हात तासन्तास बघणारी मी, आणि मला सापडेना! तिथे गेल्यावर कळलं, तो काय ओळखणार होता. तो ओळखत होता ती खूण इथे प्रत्येकीकडे आहे. खोलीत ती एकटीच होती म्हणून दिसत होती.

सोन्याचा कागद लावलेला नारळ समुद्रात सोडला. मावशी हात जोडून बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, "बघ गो, पोरगी कशी बारीक झालंय. आफिसात पानीच पाजतात वाटतं."

मी नारळीभात तीनदा घेतला.

९ ऑगस्ट, शनिवार

होडीवाला: "आलो होतो. तीन कोळीवाडे केले. पाय दुखतात."

रोशनी हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग तिने दाराला दुसरी कडी लावून घेतली. दोन्ही एकाच दिवशी.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज त्याने लिहिलं: "तू ती नाहीस. तीच खोली, तोच आवाज, पण ती नाहीस. तिला कुठे पाठवलंत?"

मग साइटकडे तक्रार केली की बाई बदलली आहे, फसवणूक आहे, पैसे परत द्या. साइटने रोशनीला ईमेल केला - तुम्ही तुम्हीच आहात याचा पुरावा द्या. तिने ओळखपत्र पाठवलं. त्यांनी मान्य केलं की ती तीच आहे. होडीवाल्याने मान्य केलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस होडी नाही. कुठल्याच नंबरची नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आठवडा झाला. गेला. खरंच गेला.

रोशनीने मला पार्टी दिली, अंधेरीला, एसी हॉटेलात. मेन्यूत सुरमईचा भाव बघून तिने वेटरला विचारलं, "सोन्याचा काटा आहे का हिला?" मी म्हटलं हळू बोल, कोळी आहेस कळेल. दोघी इतक्या हसलो की वेटर मॅनेजरला घेऊन आला.

विनितालाही माझं काम सांगितलंय म्हणे. तिच्या तीन मैत्रिणी आहेत, भांडुप, घाटकोपर, आणि एक मीरा रोडला. सगळ्यांचं मागचं बघायचंय. मी म्हटलं, मागचं तर बघतेच, पण आता हातही बघणार. प्रत्येकीची काहीतरी सवय असणार, घरून आणलेली. ती शोधायची आणि काढून टाकायची. जातंच की ते. रोशनीचं गेलं.

येताना मेट्रोत शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहिले, एसी होता म्हणून. मग परत आले.

२४ ऑगस्ट, रविवार

काल श्रावण संपला, बुधवारी गणपती. मधल्या दिवसांत मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. मावशीचा डावा खांदा धरलाय, तागडी उचलत नाही म्हणून रोशनी तिच्या जागी पाटावर बसली, मावशी बाजूला कापायला, मी पिशव्या द्यायला. पहिलं गिऱ्हाईक. पापलेट, घासाघीस, जमलं. रोशनीने नोट मुठीत घेतली, डब्यात टाकली, बाटली उचलून पाणी प्यायली.

मावशीचा कोयता थांबला. तिने डबा ओढला. नोट बाहेर काढली, दोन बोटांत धरून कोयत्याला लावली, कपाळाला लावली, कमरेला खोचली. लेकीला सोडून माझ्याकडे वळली.

"मना खरा सांग पोरी. हिला हा कोनी शिकवला?"